परीक्षकाला बांधणारी अट

डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्यासारख्या भूमिकाखेळांच्या जगात गेल्या वीसेक वर्षांत एक स्पर्धा रुळली आहे. स्पर्धकांना चार-सहा गोष्टी दिल्या जातात, एकमेकींशी कसलाही संबंध नसलेल्या. वेळ ठरलेला असतो, कधी एक दिवस, कधी दोन, कधी आठवडा. तेवढ्यात त्या सगळ्या गोष्टींना सामावून घेणारं एक ॲडव्हेंचर लिहायचं, म्हणजे चार-पाच खेळाडू आणि एक सूत्रधार मिळून संध्याकाळभर खेळू शकतील असा प्रसंगांचा आराखडा. शब्दमर्यादा कडक असते आणि एकदा पाठवलेल्या मजकुरात फेरफार चालत नाही. दिलेल्या गोष्टींना घटक म्हणतात. सर्वसाधारण समज असा, की घटकांची अट लेखकाला कोंडीत पकडण्यासाठी आहे. अडचणीत सापडलेली कल्पनाशक्ती काय करते ते पाहायचं, बस्स. हे खरं आहे, पण अर्धंच. अडचणीच निर्माण करायच्या तर वेळ आणि शब्दमर्यादा पुरेशा होत्या. ही प्रथा इतक्या ठिकाणी, इतक्या वेगवेगळ्या कलांत पुन्हा पुन्हा उगवली आणि टिकली, त्याचं खरं कारण परीक्षकाच्या बाजूला सापडतं. घटक लेखकापेक्षा परीक्षकाला जास्त बांधतात. आवडलं किंवा नाही आवडलं एवढ्यावर त्याला सुटता येत नाही. त्याला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण हरलेल्या स्पर्धकालाही पडताळून पाहता येतं.

परीक्षकाची चिंता फार जुनी आहे. राजशेखराने इसवी सन ९०० च्या सुमारास ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तो कनौजच्या प्रतिहार दरबारातला, पण त्याचं घराणं आपल्याकडचं. त्याचा पणजोबा अकालजलद याला त्याने महाराष्ट्रचूडामणी म्हटलं आहे. काव्याची पारख करणाऱ्यांचे चार प्रकार त्याच्या ग्रंथात येतात. अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, म्हणजे जो गवतासकट सगळंच खातो आणि सगळ्यालाच छान म्हणतो. मत्सरी, ज्याला गुण दिसतात पण तोंडातून निघत नाहीत. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो मजकुराच्या मुळाशी जातो आणि जो फार क्वचित भेटतो. याच ग्रंथात राजाने कविसभा भरवावी, मोठ्या नगरांत काव्याच्या परीक्षेसाठी सभा असाव्यात, असंही सांगितलं आहे. उज्जयिनीत कालिदास, मेंठ, भारवी यांची परीक्षा झाल्याची परंपरा त्याने नोंदवली आहे. ही दोन विधानं शेजारी ठेवली की पेच लक्षात येतो. परीक्षा तर घ्यायची आहे, पण परीक्षकांच्या चार जातींपैकी तीन भरवशाच्या नाहीत. मग चौथ्या जातीचा परीक्षक मिळेपर्यंत थांबायचं, की उरलेल्या तिघांकडूनही बऱ्यापैकी काम करून घेणारी पद्धत शोधायची?

समस्यापूर्ती ही अशी पद्धत होती. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये काव्यसमस्यापूरण आहे, म्हणजे राजशेखराच्या काळापर्यंत ती चांगलीच मुरलेली होती. कवीला श्लोकाचा एक चरण दिला जातो, बहुधा चमत्कारिक किंवा उघड असंभव. उरलेले तीन चरण त्याने असे रचायचे, की तो असंभव चरण स्वाभाविक वाटावा. भोज आणि कालिदासाच्या दंतकथांतली एक समस्या सर्वश्रुत आहे, तिच्यात नुसत्या ठकाराची खडखड आहे. अर्थ शून्य. त्यावरची पूर्ती अशी, की रामाच्या अभिषेकाच्या गडबडीत एका तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटली आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून गडगडत गेली. तिचा हा आवाज. या पूर्तीचं मोठेपण कुठे आहे ते नेमकं दाखवता येतं. आवाज लांबलचक आणि तुटक आहे, म्हणून पायऱ्या हव्यात. तो खणखणीत आहे, म्हणून घागर धातूची हवी. घागर पडायला हात डळमळायला हवा, म्हणून उत्सवाची धुंदी हवी, आणि उत्सव राज्याभिषेकाचा असल्यामुळे घागर सोन्याची आहे. दिलेल्या चरणातून एकेक गोष्ट ओढत आणली आहे. घागरीऐवजी वीणा घातली तर श्लोक कोसळतो. मत्सरी परीक्षकालाही इथे गप्प बसणं जड जाईल, कारण शेजारी बसलेला प्रत्येक जण हेच मोजमाप स्वतः करू शकतो. कथा खरी की रचलेली, हा प्रश्न वेगळा. ती शतकानुशतकं सांगितली गेली ती या पडताळ्यामुळे.

तेलुगू आणि कन्नड प्रदेशांत आजही चालणाऱ्या अवधानांत, म्हणजे एकाच कवीला अनेकांनी अटी घालण्याच्या सभांत, याचीच अधिक काटेकोर शाखा दिसते. अष्टावधानात आठ पृच्छक, म्हणजे प्रश्नकर्ते असतात आणि त्यांतला एक दत्तपदी देतो: चार शब्द, पुष्कळदा परभाषेतले, आणि एक विषय ज्याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. ते चारही शब्द त्या विषयावरच्या पद्यात बसवायचे. इथे ज्याने अट घातली तोच समोर बसून ती पूर्ण झाली का ते बघतो, आणि सभा त्याच्यावर लक्ष ठेवते. आजच्या ॲडव्हेंचर-स्पर्धेचा याहून जवळचा नातलग मला माहीत नाही. अमेरिकन खेळाडूंनी ही कल्पना इथून उचलली असं सुचवायचं नाही, तसा पुरावा नाही. एकाच अडचणीवर दोन दूरच्या समाजांना एकच तोडगा सुचला, आणि माझ्या युक्तिवादाला हे उसनवारीपेक्षा जास्त बळ देतं.

पण घटक दिले की न्याय आपोआप होतो, असं मानायचं कारण नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये बाथजवळच्या बाथईस्टन इथे लेडी ॲना मिलर यांच्या घरी काव्यस्पर्धा भरत. इटलीहून आणलेलं एक प्राचीन पात्र दिवाणखान्यात ठेवलेलं असे. पाहुण्यांना आधीच यमकांचे शब्द दिलेले असत, त्यांवर रचलेल्या कविता त्या पात्रात पडत, एकेक बाहेर काढून वाचली जाई आणि विजेत्यांच्या डोक्यावर मर्टलच्या पानांचा मुकुट चढे. १७७५ पासून या कवितांचे संग्रहही छापले गेले. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात ड्युलो नावाच्या कवीपासून ही यमकांची टूम निघाली होती, आणि तिथेही ती लवकरच थट्टेचा विषय झाली. बाथईस्टनची इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने यथेच्छ टिंगल केली. १७८१ मध्ये लेडी मिलर गेल्या आणि प्रकार संपला. टीकाकारांनी दोष घटकांना दिला. माझ्या मते दोष घटकांच्या जातीत होता, आणि निकालाच्या पद्धतीतही. यमक ओळीच्या टोकाला बसतं. ते अर्थाला हात न लावताही पाळता येतं. त्यामुळे अट पुरी झाली की नाही, एवढंच परीक्षकाला तपासता येई. ती किती खोलवर पुरी झाली हे विचारायची सोयच नव्हती. मुकुट का दिला याचं कारणही कोणी देत नसे. म्हणजे अट होती, पण तिने परीक्षकाला बांधलेलं नव्हतं.

आता भूमिकाखेळांकडे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये बाजारात आला आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९७५ मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या पहिल्या ओरिजिन्स मेळाव्यासाठी गायगॅक्सने ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे ॲडव्हेंचर नेलं होतं. ते पुस्तिकेच्या रूपात १९७८ मध्ये आलं. सापळ्यांनी खच्चून भरलेलं एक थडगं, आणि त्यात कोणता गट किती आत पोहोचतो यावर हार-जीत. पुढे टीएसआर कंपनीने ‘द हिडन श्राइन ऑफ टामोआचान’ आणि ‘द घोस्ट टॉवर ऑफ इन्व्हर्नेस’ छापली तेव्हा त्यांच्या मालिकेचं अक्षरच स्पर्धेसाठीचं होतं, आणि पुस्तिकेतच गुणांचे तक्ते दिलेले होते: अमुक कोडं सोडवलं तर इतके, अमुक मेला तर इतके वजा. पहिली काही वर्षं, म्हणजे, मोजमाप खेळाडूंचं होत होतं. ज्याने ॲडव्हेंचर लिहिलं तो मोजपट्टी धरणारा होता. त्याच्यावर कोणी पट्टी ठेवत नव्हतं.

लेखकाची पारख करायची वेळ आली तेव्हा ती संपादकाकडे गेली. १९८६ मध्ये ‘डंजन’ हे मासिक सुरू झालं आणि वाचकांनी पाठवलेली ॲडव्हेंचर त्यात छापली जाऊ लागली. संपादक निवडतो, त्याला अंकाचा समतोल बघायचा असतो, आणि नकार मिळालेल्याला त्या निवडीची मीमांसा क्वचितच कळते. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर २००२ मध्ये दिसली. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने नव्या काल्पनिक जगाचा शोध जाहीर केला. पहिल्या फेरीत फक्त एक पान मागवलं होतं, विषयाचं बंधन जवळपास नाही. ११,००० हून अधिक प्रस्ताव आले. त्यातून कीथ बेकरचं एबेरॉन निवडलं गेलं आणि २००४ मध्ये प्रकाशित झालं. निवड उत्तम होती. एबेरॉन आजही खेळलं जातं. पण त्या अकरा हजारांना काय कळलं? आपलं पान का मागे पडलं, कमी काय होतं, पुढच्या वेळी काय करायचं, यांतलं काही नाही. कंपनीला विकता येईल असं जग हवं होतं आणि ते तिला मिळालं. निवड आणि निवाडा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवाड्यासाठी लागणारी समान जमीन त्या स्पर्धेत नव्हती.

ती समान जमीन आली एका जपानी टीव्ही कार्यक्रमातून. फुजी टीव्हीवर १९९३ ते १९९९ चाललेल्या ‘र्योरी नो तेत्सुजिन’ या कार्यक्रमात दोन बल्लवाचार्यांसमोर एकच पदार्थ उघडा केला जाई आणि तासाभरात दोघांनी त्यावर अख्खं जेवण उभं करायचं. ‘आयर्न शेफ’ या इंग्रजी नावाने तो अमेरिकेत पोहोचला आणि भूमिकाखेळ लिहिणाऱ्यांनी ही चौकट लगेच उचलली. २००२ मध्ये माइक होम्सने ‘गेम शेफ’ सुरू केली, ज्यात दिलेल्या शब्दांवरून अख्खा खेळच रचायचा असे. त्याच सुमाराला ॲडव्हेंचरसाठी ‘आयर्न डीएम’ उभी राहिली (डीएम म्हणजे सूत्रधार), ज्यात दोन लेखक समोरासमोर येतात आणि दोघांना तेच घटक मिळतात. २००४ च्या गेम शेफमधले शब्द होते बर्फ, बेट, पहाट आणि हल्ला. बेन लेमनने त्यावरून ‘पोलॅरिस’ रचला: ध्रुवावर चांदण्यात नांदणारं एक राज्य, आणि पहाट झाल्यापासून त्याला लागलेली उतरती कळा. पहाट म्हटली की आशा मनात येते. इथे तीच विनाशाची सुरुवात आहे, आणि बर्फ आहे म्हणून पहाटेच्या उन्हाची धास्ती खरी वाटते. त्याच वर्षी त्याच शब्दांवरून टिमोथी क्लाइनर्टने ‘द माउंटन विच’ लिहिला, ज्यात धनी गमावलेले सामुराई फुजी पर्वतावरच्या चेटक्यावर चालून जातात आणि खरा प्रश्न असतो तो एकमेकांवरच्या विश्वासाचा. हे दोन खेळ शेजारी ठेवून बोलता येतं, कारण दोघांची सुरुवात एकाच ठिकाणाहून झाली आहे. दोन स्वतंत्र कलाकृतींची तुलना बहुधा अन्यायाची होते. इथे ती रीतसर होते.

ॲडव्हेंचरच्या स्पर्धेत हे परीक्षण कसं चालतं ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा घटक आहेत: बंद पडलेली पवनचक्की, प्रामाणिक चोर, उसना आवाज आणि मिठाचं कर्ज. पहिल्या लेखकाच्या ॲडव्हेंचरमध्ये गावाबाहेरच्या बंद पवनचक्कीत एक चोर लपला आहे. तो मनाने प्रामाणिक आहे, त्याच्यावर मीठ-व्यापाऱ्याचं कर्ज आहे, आणि तो जादूने दुसऱ्याच्या आवाजात बोलून पहारेकऱ्यांना चकवतो. चारही घटक हजर. दुसऱ्याच्या ॲडव्हेंचरमध्ये पवनचक्की समुद्राचं पाणी मिठागरात उपसते. ती बंद पडली आहे, कारण खाडीवरचा वारा मुका झाला आहे. एका चोराने वाऱ्याचा आवाज उसना नेला आहे. हा चोर नेतो ते आधी सांगून नेतो आणि ठरल्या दिवशी परत करतो. या वेळी मात्र तो दिवस उलटून गेला. मीठ पिकत नाही आणि गावाला सरदाराचं देणं मिठातच फेडायचं आहे. खेळाडू चोराला गाठतात तेव्हा कळतं की आवाज परत केला तर त्याने दिलेलं दुसरं वचन मोडेल. आता परीक्षक एकेक घटक उचलून त्याच्या जागी दुसरं काही ठेवून पाहतो. पहिल्या ॲडव्हेंचरमधली पवनचक्की काढून पडका किल्ला ठेवला तर काहीच बिघडत नाही. मीठ-व्यापाऱ्याच्या जागी सावकार चालतो. प्रामाणिकपणा तर खेळात कुठे उपयोगीच पडत नाही. दुसऱ्यात पवनचक्कीच्या जागी पाणचक्की ठेवली की वाऱ्याचा संबंध तुटतो, चोर अप्रामाणिक असला की पेच संपतो, कर्ज पैशाचं असलं की मिठागर निरर्थक होतं. शिवाय इथे घटक एकमेकांना धरून आहेत. निकालपत्रात हे सगळं घटकवार लिहिलं जातं, दोन्ही मजकुरांतली उदाहरणं देऊन, आणि ते सर्वांसमोर येतं. या खेळाच्या लेखनावर सविस्तर, कारणासहित टीका करण्याची सवय अशा निकालपत्रांनी लावली, आणि विजेत्या मजकुरांइतकंच मोल मी त्या निकालपत्रांना देतो.

यावरचा पहिला आक्षेप गंभीर आहे. परीक्षक घटकांचा हिशेब करत बसला तर तो कारकून होतो. घटक चोख बसवलेलं पण निर्जीव ॲडव्हेंचर जिंकतं आणि एखादं जिवंत, थोडं बेशिस्त लेखन हरतं. असं कधीकधी होतंही. पण उपाय हिशेब सोडण्यात नाही. वरच्या उदाहरणात परीक्षकाने हजेरी घेतली नाही. ती घेतली असती तर दोघेही बरोबरीत सुटले असते. त्याने विचारलं की ही गोष्ट नसती तर काय कोसळलं असतं, आणि हा प्रश्न थेट रचनेच्या प्राणाशी जातो. घटक ज्यात खोलवर रुजले आहेत ते लेखन बहुधा जिवंतच निघतं, कारण रुजवण्यासाठी लेखकाला कार्यकारणाचा विचार करावा लागतो. जिथे चांगलं लेखन आणि घटकांची हाताळणी यांत खरंच फारकत पडते, तिथे परीक्षकाने तसं लिहून मग कौल द्यावा. लिहिलेल्या कौलाशी वाद घालता येतो. मनातल्या कौलाशी येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. ॲडव्हेंचर वाचण्यासाठी नसतं, खेळण्यासाठी असतं. कागदावर देखणं दिसणारं टेबलावर आपटतं, आणि खेळाडू लेखकाने न योजलेलं काहीतरी करणारच. जेन कॉनसारख्या मेळाव्यांत चाललेली ‘आयर्न जीएम’ स्पर्धा यावरचं उत्तर म्हणून पाहता येते: सूत्रधाराला घटक देतात, थोड्या तयारीनंतर त्याने खेळ चालवायचा आणि खेळाडूंनीच गुण द्यायचे. पण मग निकालात सूत्रधाराचा आवाज, हजरजबाबीपणा आणि टेबलावरची माणसं हेही मिसळतं. लेखन वेगळं काढता येत नाही. एकांकिकेची संहिता आणि प्रयोग यांना आपण स्वतंत्र बक्षिसं देतो ती याच कारणाने. संहिता वाचणारा परीक्षक प्रयोगाची पूर्ण कल्पना करू शकत नाही, हे मान्य. तरी खेळाडूंना करायला काय आहे, त्यांच्यासमोर खरी निवड कुठे आहे, त्यांनी नकार दिला तर पुढे काय, हे त्याला कागदावरून विचारता येतं, आणि घटकांकडे बघतानाही तो हाच प्रश्न लावू शकतो: हा घटक फक्त सूत्रधाराच्या माहितीत आहे, की खेळाडूंच्या हातात येतो? सूत्रधारालाच ठाऊक असलेली सुंदर पार्श्वभूमी हा या लेखनातला सर्वांत मोठा आणि सर्वांत नेहमीचा दोष आहे, आणि घटकवार परीक्षणात तो हमखास पकडला जातो.

मराठीत कथास्पर्धांची कमतरता नाही. दिवाळी अंक, वाचनालयं, महाविद्यालयं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, सगळीकडे त्या होतात, आणि बहुतेकांचा निकाल म्हणजे तीन नावं आणि उत्तेजनार्थ दोन. आयोजकांना एक विनंती आहे. एका वर्षी सर्वांना तीन समान घटक द्या, आणि निकालासोबत पहिल्या पाच कथांवर परीक्षकांनी घटकवार लिहिलेलं एकेक पान छापा.